कुणाचं आधी

शटर आतून खाली ओढलं की या घरात बैठक सुरू झाली असं समजायचं. वडिलांपासूनची ही पद्धत. बाहेर गिऱ्हाईक बोंबलत राहिलं तरी चालेल, पण घरचा निकाल लागल्याशिवाय शटर वर जायचं नाही. मोटार वायंडिंगच्या त्या दुकानात वार्निशचा वास भिंतींत इतका मुरलेला होता, की घरातल्या पोरांना दुसरीकडे कुठे गेलं की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

शटरच्या आतल्या अंगाला, पट्ट्यापट्ट्यांवर, वडिलांच्या हातचं लाल ऑइलपेंटचं अक्षर अजून शाबूत होतं. 'गच्ची तिघांची. तिघं हो म्हणतील तरच वीट लागेल.' त्याखाली खडूने दादाची रोजची यादी. गिरणीची मोटार, नळाचा पंप, शाळेचे दोन पंखे. ही यादी कशी लागते हे नवीन गिऱ्हाइकाला कधी कळायचं नाही. आधी आला म्हणून आधी, असं इथे नव्हतं. मोठा माणूस म्हणून आधी, असं तर मुळीच नव्हतं. काउंटरवर मोटार ठेवली की दादा एकच प्रश्न विचारायचा, "किती थांबता येईल?" ज्याला सगळ्यात कमी थांबता येतं, त्याचं काम आधी. चाळीस वर्षांत त्याने हा नियम मोडला नव्हता. घरचा पंखा मात्र यादीत शेवटी असायचा. तो सहा-सहा महिने तिथेच पडून राहायचा आणि घरचे घामाने निथळायचे.

आज काउंटरमागच्या खुर्चीत दादा बसला होता. नाकात नळी, पायाशी घरघरणारं मशीन. वार्निशच्या धुराने फुप्फुसं खाल्ली होती. हवेतला प्राणवायू गोळा करून देणारं ते यंत्र आता त्याच्याबरोबर जिथेतिथे फिरायचं. समोरच्या बाकावर त्याची बहीण ताई, मांडीवर उसवलेला सदरा आणि तोंडात सुई. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, रिकामी बसली तर तिची बोटं भांडायची. शटरला टेकून धाकटा, बांधकामाचा ठेकेदार, हाताची घडी घातलेला. त्याची बायको, म्हणजे काकू, कोपऱ्यातल्या तारेच्या रिळावर बसली होती, तोंड घट्ट मिटून. आणि मधोमध दादाची मुलगी, वीजतंत्री. लहानपणापासून तिला सगळे 'फ्यूज' म्हणायचे, कारण ती कधी उडेल याचा नेम नसायचा.

"साडेनऊ वाजले," फ्यूज म्हणाली. "एकच्या आत गल्लीच्या सौरविजेचा अर्ज वीज कार्यालयात पोचला पाहिजे. आज शेवटचा दिवस. गल्लीतल्या चौदा घरांनी सह्या दिल्यात. दवाखान्याने दिलीय, पाण्याच्या पंपाच्या मंडळाने दिलीय. राहिल्यात त्या या घरातल्याच तीन."

"दिव्याखाली अंधार," ताई सुई काढून म्हणाली आणि पुन्हा तोंडात धरली.

"अंधार कसला? मी उजेडातच सांगतोय, मला मान्य नाही," धाकटा म्हणाला. "गल्लीला वीज पाहिजे तर गल्लीच्या गच्च्या काय कमी आहेत?"

"एवढी मोठी आणि सपाट एकच आहे. आपली. काका, चार महिने हेच बोलतोय आपण."

"आणि चार महिने मी हेच सांगतोय. उभ्या जन्मात मी लोकांना खोल्या बांधून दिल्या. माझ्या पोराचं लग्न ठरलंय. तो म्हणतो, वर खोली असेल तर परत येतो, नाहीतर तिकडेच भाड्याने राहतो. आता पोराच्या डोक्यावर छप्पर घालू की तुझ्या काचा मांडू?"

"काचा नाहीत त्या. पॅनेल आहेत."

"काच ती काच. आणि बरं का," धाकट्याने घडी सोडली. हे वाक्य त्याने जपून ठेवलं होतं, हे सगळ्यांना कळलं. "तुझ्या त्या काचांना ऊन तरी मिळणार आहे का? गच्ची मोजलीस कोणत्या वारी?"

"सोमवारी. दुकान बंद असतं तेव्हा. पाच सोमवार दिवसभर बसून मोजलंय, सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. कुठेही सावली नाही."

"सोमवारी गल्लीच बंद असते, बाई माझे! लाँड्रीपण बंद असते. जरा आज वर जाऊन बघ."

फ्यूज गेली. जिना चढता चढताच तिला कळलं होतं. शेजारच्या लाँड्रीच्या गच्चीवर, नेमक्या उन्हाच्या बाजूला, दोन पुरुष उंचीच्या लोखंडी पाइपांवर दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर इस्पितळाच्या चादरी. पांढऱ्या, ओल्या, ओळीने चाळीस-पन्नास. त्यांची सावली पलीकडून येऊन या घराच्या गच्चीच्या मधोमध पडली होती. जिथे तिने कागदावर पॅनेलची पहिली रांग काढली होती, तिथेच. आणि पॅनेलच्या रांगेचं गणित तिला पाठ होतं. एकावर सावली पडली तरी मागची सगळी मंदावतात, नळात बोळा बसावा तशी.

पाच सोमवार. दुकानात वाढलेल्या पोरीलाच असली चूक सुचावी. सुट्टीचा दिवस म्हणजे कामाचा दिवस, हे बाबांकडून शिकलेलं. बाकीचं जग त्या दिवशी कपडे वाळत घालत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. "गाढव आहेस," ती स्वतःला मोठ्याने म्हणाली. रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

"काय मोजतेस गं?" पलीकडून चादरींमधून आवाज आला. लाँड्रीवाला चिमटे तोंडात धरून बोलत होता.

"तुमच्या चादरी मोजतेय. या दोऱ्या तुमच्या जिन्याच्या बाजूला नेता येतील का?"

"नेता सगळं येतं. पण पाइप सिमेंटात गाडलेत. कोण उपटणार? शिवाय तिकडे वाळायला दीड तास जास्त लागतो." त्याने तोंडातला चिमटा काढला. "तुमची ती उन्हाची वीज, मला मिळणार का त्यातली?"

"दुपारी ऊन जोरात असताना जास्तीची वीज असते. तेव्हा तुमची धुण्याची दोन यंत्रं चालतील."

"लाइट गेली की ओल्या चादरी यंत्रात कुजतात माझ्या. गेल्या उन्हाळ्यात सगळा लॉट पुन्हा धुवावा लागला, फुकटात." त्याने पुढची चादर झटकली. "दीड तासाचं मी बघतो. पाइपांचं तू बघ. ज्याने गाडले त्यालाच विचार."

"कोणी गाडले?"

लाँड्रीवाला हसला. "घे! काकाला विचार की तुझ्या."

खाली, ती गेल्यापासून, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ताईने टाके मोजले, तिरके आले होते, उसवले. तिचा जीव वर गेलेल्या पोरीत अडकला होता. धाकट्यावर रागही येत होता आणि त्याचं म्हणणं खोटं नाही हेही दिसत होतं, आणि अशा वेळी ताईचा राग दुप्पट व्हायचा.

"तुला पहिल्या सोमवारी माहीत होतं," ती म्हणाली. "पोरगी उन्हात बसून कागद रंगवत होती. एक शब्द बोलला नाहीस."

"मला कोणी विचारलं?"

"विचारायला काय पत्रिका छापायला हवी होती?"

"ताई, तू कायम दादाच्या बाजूने. लहानपणापासून."

"मी कुणाच्या बाजूने नाही. मी माझ्या सहीची मालकीण आहे. आणि माझी सही ती येताच करणार."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. आता ती बोलेल असं त्याला वाटलं. खोलीचा विषय मुळात तिनेच काढला होता, पडद्यांचं कापडसुद्धा तिने बघून ठेवलं होतं. आणि ती बोललीच. पण असं बोलेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"मी एक सांगू का? लाइट गेली की हे उठतात." ती रिळावरून न उठता, दादाकडे बघून म्हणाली. "दादा, तुम्हाला माहीत नसेल. रात्री पंखा थांबला की यांना आधी कळतं. अंधारात चपला न घालता वर येतात आणि तुमच्या दाराबाहेर उभे राहतात. मशीनच्या बॅटरीचा आवाज येतो का, ऐकत. लाइट आली की खाली येतात आणि मला सांगतात, पाणी प्यायला गेलो होतो."

"अगं, काय लावलंयस हे..."

"खोटं आहे का?"

धाकटा शटरकडे तोंड करून उभा राहिला. गेल्या उन्हाळ्यातले वीज नसलेले एकोणीस तास त्याच्या खांद्यांत अजून होते. मशीनची बॅटरी संपली, सिलिंडर संपलं, आणि दादाला खुर्चीत बांधून तीन मजले खाली आणलं होतं. खुर्चीचे पुढचे पाय त्याने धरले होते. प्रत्येक पायरीवर दादाचं तोंड त्याच्या तोंडासमोर यायचं, आ वासलेलं, ओठ निळे पडलेले. बेचाळीस पायऱ्या. जिना त्याने स्वतः बांधला होता, पायऱ्या किती हे त्याला त्या दिवशी कळलं.

"पोराला खोली हवी, मला सून हवी, सगळं हवं," काकू म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "पण मला रात्रीची झोपही हवी हो. तुम्ही दाराशी उभे आणि मी अंथरुणात जागी. खोली बांधून त्यात कोण झोपणार आहे? पोराला मी सांगते. भाड्याने राहा म्हणते दोन वर्षं. मरत नाही तो."

एवढ्यात फ्यूज जिना उतरून आली. गालांवर धूळ, हातात टेप. "चूक माझी आहे," तिने आल्या आल्या सांगून टाकलं. "काकांचं बरोबर आहे. सावली येते. लाँड्रीवाले दोऱ्या हलवायला तयार आहेत, पण पाइप सिमेंटात आहेत, आणि ते म्हणतात की ते पाइप..."

"मीच गाडलेत," धाकटा न वळता म्हणाला. "हातभर खोल. माझं काम कच्चं नसतं." मग वळला. डोळे लाल होते आणि ते कोणी बघू नये म्हणून तो खेकसला, "दोन दिवस लागतील. फोडायला एक, पुन्हा गाडायला एक. आण तो कागद."

"काका?"

"काका काका काय करतेस? पेन दे. एक वाजायला आलाय तुझा."

एक वाजायला अजून पावणेतीन तास होते. त्याने सही केली, नावाखाली दोन रेघा मारल्या. ताईने सुईचा दोरा दातांनी तोडला आणि सही केली. कागद काउंटरवर दादासमोर गेला आणि फ्यूजने पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

दादाने कागद उलटा केला.

"नाही," तो म्हणाला.

मशीन घरघरत राहिलं. बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारली. "मिस्त्री! आहात का? पंप जळालाय!"

"थांबा जरा!" ताई ओरडली. मग भावाकडे वळून, "काय नाही?"

दादा बोलायचा ते तुकड्यातुकड्यांनी, मध्ये श्वास घेत. "त्याचा पोरगा तरुण आहे. संसार मांडायचाय. मी आज आहे... उद्या नाही. माझ्या चार दिवसांसाठी... वीस वर्षांची गच्ची अडवायची नाही. मशीनसाठी तर नाहीच."

"दादा, मी सही केली," धाकटा म्हणाला. "रीतसर केली. आता तू मला मोठेपणा दाखवू नकोस."

"मोठा आहेच मी."

"बाबा," फ्यूज म्हणाली. ती उडणार असं सगळ्यांना वाटलं. काकूने रीळसुद्धा मागे सरकवलं. पण ती काउंटरवर दोन्ही हात टेकून हळू बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. "तुमच्यासाठी नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलणार नाही. सुरू केलं ते तुमच्यासाठीच. आई गेल्यावर नऊ वर्षं मला तुम्ही आहात, बास. तुम्हाला खुर्चीत बांधून नेलं तेव्हा मी मागचे पाय धरले होते. वीजतंत्री आहे मी, गावभर लोकांची वीज जोडते, आणि माझ्या बापाच्या नाकाला वीज देता आली नाही. त्याची मला लाज वाटते. पण कागद सुलटा करून बघा. चौदा घरं आहेत. दवाखान्याचा लसींचा फ्रीज आहे. पंप आहे. ते सगळे तुम्ही नसतानाही इथेच राहणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ते फक्त स्वतःला नाही म्हणणं होत नाही."

दादाने कागद सुलटा केला. वाचला. नावं ओळखीची होती. यातल्या प्रत्येक घराचा पंखा, मिक्सर, पंप कधी ना कधी त्याच्या मांडीवर येऊन गेला होता. त्याला एकदम थकवा आला. नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि ती या पोरीकडे त्याच्याहून जास्त होती.

"गल्लीची बॅटरी संपत आली तर?" त्याने विचारलं. "सगळ्यांना पुरणार नाही... तेव्हा काय?"

"एकेक लाइन बंद करत जायचं. कोणती आधी बंद करायची आणि कोणती शेवटपर्यंत ठेवायची, ते अर्जाबरोबर लिहून द्यायचंय."

"ती यादी मी लावणार. तर सही."

"तुम्हीच लावा. तुमच्याइतकी कोणाला येते?"

तो उठला. नळी सांभाळत शटरपाशी गेला, धाकट्याने मागून मशीन सरकवलं. दादाने आजची यादी बाहीने पुसली आणि खडू घेतला. एक, दवाखान्याचा फ्रीज. दोन, पाण्याचा पंप. तीन, जिन्यातले दिवे. चार, घराघरात एक दिवा, एक पंखा. पाच, लाँड्री. मग थोडी जागा सोडून, अगदी खालच्या पट्टीवर, वाकून, बारीक अक्षरात: माझं मशीन.

"झालं," तो म्हणाला.

ताई उठली, तो उसवलेला सदरा घेतला आणि शेवटची ओळ पुसून टाकली.

"हे काय?"

"वर काय लिहिलंय वाच. तिघं हो म्हणतील तर. मी नाही म्हणते."

"मीपण," धाकटा म्हणाला. "आणि शटर काही उघडत नाही मी. बाहेर पंप जळो नाहीतर गिरणी."

"अरे हट्ट आहे का हा..." दादाला खोकला आला. सगळे थांबले. खोकला ओसरल्यावरही त्याने मान हलवली. "घरचं शेवटी. ही पद्धत आहे दुकानाची."

"नाही," फ्यूज म्हणाली. "ती तुमची सवय आहे. दुकानाची पद्धत वेगळी आहे." ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, काउंटरवर मोटार ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो बोलायचा त्याच आवाजात तिने विचारलं, "दवाखान्याचा फ्रीज. दार उघडलं नाही तर किती थांबता येईल?"

कामाच्या प्रश्नाला खोटं उत्तर दादाला देता येत नसे. "सहा तास," तो म्हणाला.

"पंप?"

"टाकी भरलेली असली तर... दिवसभर."

"पंखे?"

"पंख्याशिवाय कोण मरतं?"

"लाँड्री?"

"चार तासांनी चादरींना वास येतो."

"आणि तुमचं मशीन, बाबा? किती थांबता येईल?"

बाहेरून पुन्हा थाप पडली, पण या वेळी कोणी ओरडून उत्तर दिलं नाही. काकूने पदर तोंडाला लावला. धाकटा मशीनच्या पट्ट्याला घट्ट धरून उभा होता, जणू ते मशीन कोणी पळवून नेणार होतं. दादा शटरकडे बघत राहिला. वर वडिलांची लाल अक्षरं, खाली त्याची पांढरी. गेल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न इस्पितळातल्या डॉक्टरने विचारला होता, तेव्हा तो म्हणाला होता, बऱ्यापैकी. ते खोटं होतं.

"बसून राहिलो तर वीस मिनिटं," तो म्हणाला. "बोलत असलो तर... बारा."

"मग?"

त्याने बाहीने सगळी यादी पुसली, अगदी वरपासून. खडूची धूळ उडाली तशी ताईने पुढे होऊन ती आपल्या हाताने दूर केली, त्याच्या नाकात जाऊ नये म्हणून. मग त्याने पहिल्या पट्टीवर, सगळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात लिहिलं: एक, माझं मशीन. त्याखाली फ्रीज, मग बाकीचे. रेघ सरळ आली. चाळीस वर्षांत त्या शटरवर त्याचं स्वतःचं काम पहिल्यांदाच वर आलं होतं.

फ्यूजने यादी कागदावर उतरवून घेतली. दादाने सही केली. तिने अर्ज पिशवीत घातला, पिशवी गळ्यात अडकवली आणि बापाच्या खांद्याला हात लावून मागच्या दाराने निघाली. ती निघाली आणि धाकटा म्हणाला, "थांब, गाडीवर सोडतो," आणि किल्ली शोधत तिच्यामागे धावला. "येताना सिमेंट आण," काकू मागून ओरडली.

ताईने शटर वर ढकललं. लाल अक्षरं आणि पांढरी यादी गुंडाळून वर गेली. बाहेर एक माणूस जळालेला पंप कडेवर घेऊन उभा होता, रागाने लाल झालेला.

"अर्धा तास झाला मिस्त्री! कधी मिळेल?"

दादा खुर्चीत बसला, नळी सारखी केली आणि पंप आपल्याकडे ओढला.

"किती थांबता येईल?" त्याने विचारलं.